वाट आणि वहिवाट

आपल्या भाषेंत ‘रस्ता’ आणि ‘वाट’ हे दोन शब्द शेजारीं शेजारीं नांदतात. परंतु दोघांचा स्वभाव मात्र एक नाहीं. रस्ता कोणी तरी बांधतो. त्याचें कंत्राट निघतें, त्याला क्रमांक मिळतो, एखाद्या थोर पुरुषाचें नांव मिळतें आणि पुढच्या पावसाळ्यांत खड्डेही मिळतात. वाट कोणी बांधीत नाहीं, ती पडते. शंभर पावलें एकाच जागेवरून शंभर दिवस गेलीं कीं गवत माघार घेतें आणि तेथें वाट उमटते. आपण येणाऱ्याची वाट पाहतों. रस्ता कोणी पाहत नाहीं. अडलेल्याला वाट दाखवितों, दुःखाला वाट करून देतों, रागावलों तर ‘माझ्या वाटेस जाऊं नको’ असें बजावतों, आणि एखाद्या कामाचा विचका झाला तर त्याचीही वाटच लागते. आयुष्यांतल्या इतक्या प्रसंगीं हा शब्द ज्या समाजाच्या तोंडीं येतो त्याला वाटांची किंमत पुरती ठाऊक असली पाहिजे, असें परक्या माणसास वाटेल. मी जेथें राहतों तेथें मात्र गेल्या कांहीं वर्षांत रस्ते रुंदावत गेले आणि वाटा एकामागून एक बुजत गेल्या.

मी कामतघरला राहतों. एके काळीं हें भिवंडीच्या शिवेबाहेरचें गांव होतें. आज तें शहराच्या कुशींत पार सामावून गेलें आहे. वऱ्हाळदेवीचें देऊळ आणि तिचा तलाव ही आमची मोठी दौलत. तलावाच्या कांठीं पहाटे फिरणारांची वर्दळ असते, आणि त्यांच्या गप्पांच्या तळाशीं एक खटखट अखंड चाललेली असते. ती यंत्रमागांची. पलीकडे पद्मनगरांत तेलुगु विणकरांची जुनी वस्ती आहे. तिकडून वारा आला म्हणजे तो आवाज अधिकच स्पष्ट होतो. नव्या पाहुण्याला पहिल्या रात्रीं त्या आवाजानें झोंप येत नाहीं. आम्हां कामतघरकरांना तो थांबला तर जाग येते.

या गांवांत सायकल ही हौसेची वस्तु कधींच नव्हती. रात्रपाळी संपवून घरीं परतणारा कामगार, मागच्या कॅरिअरवर सुताचीं बाचकीं रचून निघालेला पोऱ्या, पावाची पेटी बांधलेला फेरीवाला, दोन्ही अंगांना दुधाच्या कासंड्या लटकविलेला दूधवाला—अशांची ती पायगाडी. ‘सायकल चालवितों’ असें त्यांच्यांतला कोणी अभिमानानें सांगत नसे, जसें ‘मी चपला घालतों’ असें कोणी सांगत नाहीं. परंतु भिवंडीच्या भोंवतीं पूर्णा, राहनाळ, वळ, काल्हेर, माणकोली या गांवांच्या भातजमिनींवर गोदामें उभीं राहिलीं. मुंबईला आणि मुंबईमार्गें साऱ्या देशाला लागणारा माल येथें उतरूं लागला आणि येथून चढूं लागला. माल आला म्हणजे ट्रक आले, आणि ट्रकांमागून घरांएवढाले कंटेनर आले. आतां सायकलवाल्याच्या वाट्याला रस्त्याची जी जागा उरली आहे ती म्हणजे ट्रकचें चाक आणि गटाराची कड यांच्यामधली वीतभर पट्टी. त्या पट्टीवर मनुष्य सायकल चालवीत नाहीं. जीव मुठींत धरून ती नुसती तोलीत असतो. डोळे खड्ड्यावर, कान पाठीमागच्या भोंग्यावर आणि मन घरीं. अशा प्रवासांत वाटेवरचें एकही झाड ओळखीचें होत नाहीं.

इकडे ही स्थिति असतां तिकडे युरोप-अमेरिकेंत सायकलवाल्यांनीं एक निराळीच टूम काढली. डांबरी रस्ते मोटारींना देऊन टाकावे आणि आपण खडीच्या, मुरमाच्या, शेताकडेच्या कच्च्या वाटांनीं जावें, असा तिचा मतलब. अमेरिकेच्या कॅन्सस परगण्यांत एम्पोरिया नांवाच्या गांवीं २००६ सालीं अशा वाटांवरची शर्यत सुरू झाली. तिला आरंभीं मूठभर लोक जमत, पुढें हजारों जमूं लागले. २०२२ मध्यें इटलीच्या व्हेनेतो प्रांतांत या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धाही झाली. या वाटांसाठीं जी सायकल घडविली तिला ‘ग्रॅव्हल’, म्हणजे खडीची सायकल, असेंच म्हणतात. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखें खालीं वळलेलें, अंग शर्यतीच्या सायकलीसारखें हलकें, पण टायर चांगला रुंद. अशी एक सायकल चार वर्षांपूर्वीं माझ्याही घरीं आली.

ती आली त्या दिवशीं आमच्या आळींत दूध घालणाऱ्या काकांनीं आपल्या कासंड्या खालीं ठेवून तिची शांतपणें पाहणी केली. घंटा वाजवून पाहिली, बैठकीवर थाप मारली आणि विचारलें, “केवढ्याला पडली?” मीं आंकडा सांगितला. काका क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “एवढ्यांत दुभती म्हैस आली असती.” आणि जातां जातां पुस्ती जोडली, “शिवाय म्हैस दूध देते.” या हिशेबाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि आजही नाहीं. परंतु त्यांनीं त्या वेळीं आणखी एक गोष्ट केली ती मला अधिक मोलाची वाटली. माझ्या टायरवर त्यांनीं अंगठा आडवा टेकविला, मग तोच अंगठा स्वतःच्या जुन्या काळ्या सायकलीच्या टायरवर टेकविला आणि म्हणाले, “जाडी तर सारखीच आहे कीं!”

काकांचा अंगठा अगदीं खरें बोलत होता. शर्यतीच्या सायकलीचा टायर बोटाएवढा बारीक असतो आणि त्यांत हवा दगडासारखी ठासून भरलेली असते. गुळगुळीत डांबरावर तें शोभतें. खडीवर तो टायर दर खड्याला उडतो आणि उडण्यांतच आपली शक्ति दवडतो. रुंद टायरांत हवा निम्म्याहून कमी ठेवतां येते. मग खडा आला म्हणजे टायर त्याला पोटांत घेतो आणि पलीकडे सोडून देतो. स्वाराला कळतें तें एवढेंच कीं कांहीं तरी येऊन गेलें. या कामासाठीं चाळीस मिलिमीटरांच्या आसपासची रुंदी चांगली, असा आज पुष्कळांचा अनुभव आहे. आतां आपल्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेली ती काळी सायकल घ्या. तिच्या टायरवर ‘२८ × १½’ असे इंचांचे आंकडे छापलेले असतात. दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर. कच्च्या रस्त्यांच्या देशाला कसलें चाक हवें हें त्या काळच्या कारागिरांना ठाऊक होतें. आम्हीच तें मागासलेपणाचें लक्षण समजून टाकून दिलें, आणि परदेशाहून म्हशीच्या किंमतीला परत आणलें. तसल्या काळ्या सायकली पिढ्यान्‌पिढ्या पुरविणाऱ्या ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजीं थांबला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता.

कच्च्या रस्त्यावरची सायकल ही आपल्याकडे नवी गोष्ट नाहीं, याचें याहून मोठें प्रमाण मुंबईंतच आहे. १९२३ सालच्या ऑक्टोबरांत सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे ती पुरी करून १९२८ च्या मार्चांत परतले. सुमारे ७१,००० किलोमीटरांचा तो प्रवास. त्या वाटेवर वाळवंटें होतीं, जंगलें होतीं, चिखल होता; डांबराचा रस्ता हाच काय तो अपवाद. त्यांच्या सायकलींना कोणी ‘खडीच्या’ असें वेगळें नांव दिलें नाहीं, कारण त्या काळीं सायकल म्हटली कीं खडी आलीच.

आतां माझी वाट. हिवाळ्यांतल्या रविवारीं पहाटे साडेपांचला मी निघतों. त्या वेळीं ट्रकवाले चहाच्या टपऱ्यांवर पेंगत असतात, आणि तेवढ्या सवलतींत धामणकर नाक्यावरून शहर ओलांडून चाविंद्रा-पोगावाच्या अंगाला जातां येतें. तेथें लोक ज्याला नुसतें ‘पायपलायन’ म्हणतात ते मुंबईला पाणी नेणारे प्रचंड नळ आडवे येतात. मुंबई महापालिकेनें तानसा नदीवर दगडी धरण बांधलें, आणि १८९२ सालीं व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन याच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. तेव्हांपासून आमच्या तालुक्यांतून मुंबईचें पाणी वाहत आहे. पुढें वैतरणेवर मोडकसागर झाला, आणखी धरणें झालीं, नळांच्या शेजारीं नवे नळ आले. त्यांतले कांहीं असे कीं उभा मनुष्य आंतून सहज चालत जाईल. या नळांची देखरेख करावयाची म्हणून त्यांच्या कडेनें एक कच्ची सडक ठेवलेली आहे. तिच्यावर मुरूम आहे, खडी आहे, पावसाळ्यानंतर कमरेएवढें गवत आहे. आणि मोटारी शिरूं नयेत म्हणून कांहीं ठिकाणीं लोखंडी खांब रोवलेले आहेत. त्या खांबांमधून माझी सायकल आणि डोक्यावर मोळी घेतलेली बाई एवढींच काय तीं जातात. मला या वाटेचा शोध लागला तो या खांबांमुळें. जेथें मोटारीला मज्जाव आहे तेथें आपलें कांहीं तरी काम असावें, अशी माझी समजूत आहे.

नळाची वाट ही मोठी विलक्षण असते. आगगाडीची वाट सपाट असावी लागते, कारण आगगाडीला चढ सोसत नाहीं. बंद नळांतल्या पाण्याची गोष्ट निराळी. ज्या पातळीवरून तें निघालें तिच्याहून उंच जावयाचें नाहीं एवढें पथ्य पाळलें कीं मधल्या टेकड्या-दऱ्यांची त्याला क्षिति नसते. पाठीमागच्या पाण्याचा दाब त्याला दरींत उतरवितो आणि पुन्हां चढवितो. म्हणून नळ जमिनीबरोबर वरखालीं होतो आणि वाटही त्याच्या बरोबर लाटांसारखी वरखालीं होते. चढ येतो तो असा कीं मांड्यांना कळावा, आणि उतार येतो तो असा कीं चढाचें ऋण फिटावें. या चढउतारांची एक खूणही मला सांपडली आहे. नळाच्या प्रत्येक उंचवट्यावर एक झडप असते. आंत कोंडलेली हवा तिच्या वाटे बाहेर पडते. खोलगट जागीं दुसरी झडप असते. सांचलेला गाळ आणि पाणी तिच्यांतून सोडून देतात. तेव्हां फुसफुस ऐकूं आली कीं समजावें, माथा आला. आणि ओलसर जमीन व हिरवें लव्हाळें दिसलें कीं समजावें, तळ आला. नळाच्या एका राखणदाराशीं माझी ओळख झाली आहे. तो म्हणतो, “नळ पण आपल्यासारखाच. चढावर दम टाकतो.”

येवईच्या बाजूनें पुढें जावें तसतशी मागांची खटखट आणि महामार्गाची घरघर मागें पडत जाते. ती नेमकी कोठें संपते हें मला अजून कळलेलें नाहीं. ती संपली आहे एवढें मात्र एका क्षणीं एकदम ध्यानांत येतें. मग कान परत येतात. साग आणि ऐन यांचीं वाळलेलीं पानें चाकाखालीं चुरतात तो आवाज, मुरमाचा करकर आवाज, टिटवीचा ओरडा, दूरच्या पाड्यावरचा कोंबडा. भाताच्या कापलेल्या खाचरांवर धुकें पसरलेलें असतें. डाव्या हाताला गुमताऱ्याचा डोंगर आणि त्यामागें तुंगारेश्वराची रांग. हवा स्वच्छ असली तर उजवीकडे क्षितिजावर माहुलीचे सुळके. गुमताऱ्याच्या पायथ्याकडे दुगाड आहे. १७८० च्या डिसेंबरांत तेथें मराठे आणि इंग्रज यांची लढाई झाली आणि रामचंद्र गणेश हे मराठ्यांचे सेनापति तेथें पडले. आज तेथें भाताचीं खाचरें आणि वीटभट्ट्या आहेत. मोटारींतून हें सारें दिसत नाहीं असें नाहीं; परंतु मोटारीच्या कांचेंतून डोंगर एकामागून एक सरकत जातात, आणि येथें एकच डोंगर तासभर सोबत करतो. फाल्गुनांत पळस आणि पांगारा फुलतात तेव्हां या सोबतीला रंग चढतो. जूननंतर वाटेचा चिखल होतो आणि मी तिला चार महिने सुट्टी देतों.

या वाहनहीन वाटांचें खरें माहेर म्हणतात तें भूमध्य समुद्राच्या कांठचें. स्पेनमध्यें बंद पडलेल्या लोहमार्गांचे रूळ काढून त्यांच्या जागीं पायीं व सायकलीनें जाण्याच्या ‘हिरव्या वाटा’ करण्याचा उपक्रम १९९३ मध्यें सुरू झाला. आज त्या तीन हजार किलोमीटरांहून अधिक आहेत. त्यांतली एक मला फार आवडते. दक्षिणेंत अंदालुसियाच्या डोंगरांत ओल्वेरा आणि पुएर्तो सेर्रानो या गांवांमध्यें ३६ किलोमीटरांचा एक लोहमार्ग १९२० नंतरच्या दशकांत बांधावयास घेतला. तीस बोगदे खोदले, चार मोठे पूल उभारले, स्टेशनें बांधलीं. पुढें १९३६ चें यादवी युद्ध आलें, पैसा आटला, आणि त्या मार्गावरून एकही आगगाडी कधीं धांवली नाहीं. जी गाडी आली नाहीं तिच्यासाठीं बांधलेल्या बोगद्यांतून आज लोक सायकली नेतात, आणि वरच्या कड्यावर गिधाडांच्या वसाहती आहेत त्या मान वर करून पाहतात. इटलीच्या तोस्काना प्रांताची गोष्ट याहून वेगळी. तेथल्या द्राक्षमळ्यांतून पांढऱ्या मातीचे जुने रस्ते जातात. ते डांबराखालीं गाडले जाणार असें दिसतांच गायोले गांवच्या मंडळींनीं १९९७ मध्यें जुन्या सायकलींचा एक मेळा त्यांवरून काढला. दरवर्षीं लोक येऊं लागले, आणि पांढऱ्या रस्त्यांना कोणी तरी वाली आहे हें सर्वांना कळलें. रस्ता कच्चाच राहावा म्हणून खटपट करणारा गांव! आमच्याकडे निवडणुकींत ‘तुमचा रस्ता कच्चाच ठेवूं’ असें आश्वासन कोणी दिलें तर त्याची अनामत जप्त होईल. आणि पावसाळ्यांत ज्याला आजारी माणूस झोळींतून न्यावा लागतो त्याच्या दृष्टीनें तें योग्यच आहे.

येथेंच माझ्या सुखाला एक खडा लागतो, आणि तो रुंद टायरानें गिळतां येत नाहीं. स्पेनमधली ती वाट रिकामी होती. तिच्यावर कोणाचें कांहीं अडलेलें नव्हतें. आमची नळाची वाट रिकामी नाहीं. तिच्यावर मोटारी नाहींत, माणसें आहेत. एका सकाळीं अशाच एका खोलगट जागीं एक म्हातारी कातकरीण आणि तिची नात झडपेपाशीं बसल्या होत्या. झडपेच्या सांध्यांतून करंगळीएवढी धार गळत होती आणि तिच्याखालीं हंडा लावलेला होता. मी पाणी प्यायला थांबलों.

“दादा, कुठं निघालाव?” म्हातारीनें विचारलें.

“कुठें नाहीं, आजी. सहज फिरायला.”

“कामाला नाय?”

“नाहीं.”

“मंग येवढ्या लांब?” ती नातीकडे पाहून हंसली. त्या हंसण्यांत कुचेष्टा नव्हती. विनाकारण एवढा चढ चढून येणाऱ्या माणसाविषयीं जी काळजी वाटावी ती होती. हंडा भरावयास अर्धा तास लागे. ती रोज दोन खेपा करी.

पाण्याचा हिशेब मनांत येऊं लागला म्हणजे या वाटेचें रूप बदलतें. माझ्या डाव्या कुशीला जो नळ वाहतो त्याच्यांतून महानगराच्या तिसाव्या मजल्यावरच्या न्हाणीघराचें पाणी जातें. पलीकडच्या शहापूर तालुक्यांत तानसा आहे, भातसा आहे, वैतरणेचीं धरणें त्याच डोंगरांत आहेत; आणि त्याच तालुक्यांतल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात. पाहावयाची ती येथेंही वाटच. धरण बांधणाऱ्यांनीं दुष्टपणा केला असें मी म्हणत नाहीं. मुंबईसारखें शहर पाण्याशिवाय कसें जगावें? परंतु शंभर-सव्वाशें वर्षें ज्यांच्या दारावरून पाणी जातें त्यांच्या दारीं तें कधीं तरी थांबावें, एवढी मर्यादा कोणत्याही नळाला असली पाहिजे. गळकी झडप दुरुस्त करणें हें राखणदाराचें कर्तव्यच आहे. ती दुरुस्त झाली म्हणजे म्हातारीचा हंडा कोठें भरणार, हें पाहणें कोणाचें कर्तव्य आहे?

याच नळाच्या दुसऱ्या टोंकाला, मुंबईंत, २०१७ च्या सुमारास एक मोठी योजना निघाली. तानसाच्या नळाच्या कडेनें मुलुंडपासून धारावीपर्यंत ३९ किलोमीटरांचा सायकलमार्ग करावयाचा. योजना वाचून मला आनंद झाला, आणि तो आनंद मी लपविणार नाहीं. मुंबईसारख्या शहरांत मुलाला निर्भयपणें सायकल चालवितां यावी याहून मोठें सार्वजनिक सुख थोडें असेल. परंतु त्या नळाच्या दोन्ही बाजूंना अनेक वर्षांच्या वस्त्या होत्या. नळाच्या सुरक्षिततेसाठीं जागा मोकळी करावी असा न्यायालयाचा आदेश होता, आणि तो अवास्तव नव्हता. वस्त्या हलल्या. तेथल्या हजारों कुटुंबांना माहुलला घरें दिलीं गेलीं, तेलशुद्धीच्या कारखान्यांच्या शेजारीं. तेथली हवा सोसेना म्हणून तीं माणसें परत येऊन नळाच्या कडेलाच बसलीं. २०१९ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें त्यांना माहुललाच राहा अशी सक्ति करतां येणार नाहीं असें सांगितलें. या साऱ्यांत सायकलस्वाराचा अपराध कांहींच नाहीं. तरी पण ‘वाहनमुक्त’ या शब्दाचा उच्चार करतांना मी आतां थोडा थबकतों. वाट वाहनांपासून मोकळी करतां करतां ती माणसांपासून मोकळी होऊं नये, आणि सुखाच्या एका पट्टीसाठीं कोणाच्या श्वासाची किंमत मोजली जाऊं नये.

आमच्याकडेही अलीकडे मित्रमंडळींत असा बेत ऐकूं येतो कीं या सडकेला कुंपण घालावें, तिच्यावर गुळगुळीत थर द्यावा, दिवे लावावे, फाटकावर पहारेकरी बसवावा आणि तिला रीतसर ‘ट्रॅक’ करावें. बेत चांगल्या मनाचा आहे. परंतु ज्या दिवशीं कुंपण येईल त्या दिवशीं मोळीवाली बाहेर राहील आणि मी आंत असेन, हें मला दिसतें. गुळगुळीत थर आला म्हणजे पाठोपाठ मोटारसायकल येईल, हेंही दिसतें. शिवाय जमीन मोकळी, सपाट आणि कुंपणांत दिसली म्हणजे गोदामवाल्याची नजर तिच्यावर जावयास किती उशीर!

मला त्याहून आपला जुना शब्द बरा वाटतो: वहिवाट. एखाद्या वाटेनें लोक वर्षानुवर्षें उघडपणें, बिनतक्रार जात राहिले म्हणजे त्या जाण्यालाच हक्काचें रूप येतें. १८८२ च्या सुखाधिकारांच्या कायद्यानें अशा वापराला वीस वर्षांची मुदत घातली, सरकारी जमीन असेल तर तीस; आणि शेताकडे जाण्याची वहिवाट कोणी अडविली तर मामलेदारानें ती खुली करून द्यावी, असा १९०६ चा कायदा आहे. कायद्याचा कीस वकिलांनीं काढावा. मला त्या शब्दांतली समजूत हवी आहे. मालकी ज्याची असेल त्याची असो. चालणाऱ्याचें पाऊल हाही एक दस्तऐवज आहे, असें आपल्या पूर्वजांनीं मानलें. त्या दस्तऐवजावर पहिली सही मोळीवालीची आहे, दुसरी गुराख्याची, तिसरी शाळेला जाणाऱ्या पोरांची. माझ्या चाळीस मिलिमीटरांच्या चाकाची रेघ अगदीं शेवटची आणि सर्वांत पुसट.

म्हणून या वाटेवर मी कांहीं रिवाज पाळतों. समोरून डोक्यावर ओझें घेतलेलें कोणी आलें तर मी उतरतों. ज्याच्या डोक्यावर भार त्याचा मान पहिला. घंटा वाजवितों ती ‘बाजूला व्हा’ म्हणून नव्हे, ‘मी येतों आहें, दचकूं नका’ म्हणून. गुरें असलीं तर त्यांच्या चालीनें चालतों. यामुळें माझा वेग घटतो हें खरें. परंतु वेगच हवा असता तर महामार्ग कामतघरच्या दारांतच होता. आमच्या दूधवाल्या काकांनाही मीं या वाटेची गोष्ट सांगितली आहे. ट्रकांच्या भीतीनें त्यांनीं आपली काळी सायकल आतां जवळच्या दोन आळ्यांपुरतीच ठेवली आहे. ते म्हणाले, “तुमची वाट चांगली आहे, पण दूध तिकडे कोण घेणार?” हें ऐकून वाटलें, कामकऱ्याला जी निर्धोक वाट घरापासून कामापर्यंत मिळावयास हवी होती ती त्याला मिळाली नाहीं, आणि हौशी माणसाला ती डोंगरांत जाऊन शोधावी लागते. दोन्ही गोष्टी एकाच अन्यायाच्या दोन बाजू आहेत. कामतघरांतल्या रात्रपाळीच्या कामगाराला ट्रकच्या चाकापासून हातभर दूर अशी चार फुटांची पट्टी जर मिळाली, तर माझ्या सहलींपेक्षां ती भिवंडीची अधिक मोठी शोभा होईल.

नळाच्या वाटेसाठीं माझें मागणें याहून लहान आहे. मुरूम आहे तो असूं द्यावा, मोटारींना अडविणारे खांब आहेत ते राहूं द्यावे, आणि जेथें जेथें आज झडप गळते तेथें तेथें एक तोटी बसवून द्यावी.